कोंडावरची एक दिवसाची कौटुंबिक पायी सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील वाड्यांमधून मुलाबाळांसह पायी निघायचे, ओढ्याकाठाने एखाद्या कोंडावर पोहोचायचे, दुपारपर्यंत पाण्यात राहायचे आणि उन्हे उतरण्यापूर्वी परतायचे, अशा सहलींविषयी आम्हाला गणपतीपासून शिमग्यापर्यंत सतत विचारणा होत असते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ज्यांना सगळे वाचण्यास सवड नाही, त्यांनी निदान प्रश्न ८, ९ आणि १२ वाचल्याशिवाय मुलांना घेऊन निघू नये.

१. कोंड म्हणजे नेमके काय? परदेशातील डोंगरांत निळी तळी दिसतात, तसे काही कोकणात आहे का?

पऱ्या किंवा वहाळ, म्हणजे डोंगरातला ओढा, कातळावरून उतरत असताना पुराच्या पाण्याबरोबर गरगरणारे गोटे खडकाला कोरत राहतात आणि त्यातून गोल रांजणखळगे तयार होतात. असे खळगे वर्षानुवर्षे रुंदावून एकमेकांत मिसळले, किंवा धबधब्याच्या पायथ्याशी धार सतत एकाच जागी आदळत राहिली, की तेथे खोल पाणी साठते. त्यालाच आपल्याकडे कोंड किंवा डोह म्हणतात.

आल्प्समध्ये उंचावर दिसणारी पुष्कळशी तळी हिमनद्यांनी खोदलेल्या खोलगट जागांत साठलेली आहेत आणि वितळत्या बर्फाच्या पाण्यामुळे त्यांतील कित्येक भर उन्हाळ्यातही गार असतात. सह्याद्रीत हिमनद्यांनी खोदलेली तळी नाहीत. आपल्याकडचे बहुतेक तलाव माणसांनी बांध घालून केलेले आहेत. हा फरक केवळ भूगोलाचा नसून पोहणाऱ्याच्या सुरक्षिततेचा आहे. तळ्याचे पाणी बरेचसे एका पातळीवर राहते. कोंड मात्र वाहत्या ओढ्याचाच एक भाग असल्याने त्याची पातळी तासाभरात बदलू शकते आणि त्याचा तळ प्रत्येक पावसाळ्यानंतर नव्याने समजून घ्यावा लागतो. गेल्या वर्षी जेथे वाळू होती तेथे यंदा छातीएवढे पाणी असू शकते, आणि जेथे पाणी होते तेथे मोठी धोंड येऊन पडलेली असू शकते.

२. जाण्यासाठी सर्वांत चांगला काळ कोणता?

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. कोकणातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यानंतरही परतीच्या पावसाच्या सरी दुपारनंतर अचानक कोसळतात, त्यामुळे ऑक्टोबर भरवशाचा नाही. दिवाळी उलटल्यावर ओढ्याचा जोर ओसरतो, पाणी निवळते आणि तळातील दगड स्पष्ट दिसू लागतात. आमच्या दृष्टीने तळ दिसणे हीच हंगाम सुरू झाल्याची खूण आहे. फेब्रुवारीत काही पऱ्ये बारीक होतात, काही आटतात, म्हणून त्या महिन्यात गावात विचारूनच बेत ठरवावा. सुट्ट्यांचा आणि या हंगामाचा मेळ कसा बसवायचा, याविषयी प्रश्न १८ पाहावा.

३. नेमक्या कोंडाचे नाव आणि नकाशावरची जागा तुम्ही का देत नाही?

कारण वाडीतील कोंड ही कुणाची तरी रोजची पाण्याची जागा असते. खालच्या अंगाला कपडे धुतले जातात, गुरे पाण्यावर येतात, काही ठिकाणी त्याच पाण्यावर नळपाणी योजना चालते. एकदा नाव पसरले की सुट्टीच्या दिवशी शंभर माणसे येतात आणि वाडीला ते पाणी वापरता येत नाही, हे आम्ही पाहिले आहे. आपल्या किंवा नातेवाइकांच्या गावापासून सुरुवात करावी. जांभ्याच्या आणि काळ्या कातळाच्या या प्रदेशात पुष्कळ गावांना एखादा तरी कोंड असतोच.

प्रसिद्ध ठिकाणांपैकी कणकवलीजवळचा सावडाव धबधबा मुख्यतः पावसाळ्यात पाहण्याचा आहे. वैभववाडी तालुक्यातील नापणे धबधबा बारमाही वाहतो, परंतु त्याला आम्ही पाहण्याची जागा मानतो. लहान मुलांना पोहायला शिकवण्याची जागा मानत नाही.

४. किती वयाची मुले किती अंतर चालू शकतात?

आमचा अनुभव असा, की पाच ते सात वर्षांचे मूल जाताना दोन किलोमीटर आनंदाने चालते. परतीची दोन किलोमीटर मात्र ते दमलेले, ओले आणि भुकेलेले असते, म्हणून अंतर ठरवताना परतीची वाटच डोळ्यांसमोर ठेवावी. आठ वर्षांपुढील मुलांना एकूण सहा ते सात किलोमीटर जड जात नाहीत. पाच वर्षांखालील मूल कुणाच्या तरी खांद्यावर बसणार, असे गृहीत धरावे. सड्यावरून, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरून, दिसणारे अंतर फसवे असते. उघड्या सड्यावर सावली नसल्याने दहानंतरचा एक किलोमीटर झाडीतल्या दोन किलोमीटरांइतका वाटतो, तेव्हा शक्यतो पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), पाणंद किंवा ओढ्याकाठची झाडीतील वाट निवडावी.

५. दिवसाची आखणी कशी करावी आणि पोहोचावे कसे?

सकाळी साडेसात ते आठच्या दरम्यान चालायला लागावे, दहाच्या आत कोंडावर पोहोचावे, जेवणापूर्वीच पोहून घ्यावे आणि तीन वाजता परतीला लागावे. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, परंतु ओढ्याच्या घळीत पाचलाच काळोख दाटू लागतो.

बाहेरून येणाऱ्यांना कोकण रेल्वेची चिपळूण, संगमेश्वर रोड, वैभववाडी रोड, कणकवली आणि सावंतवाडी रोड ही स्थानके सोयीची आहेत. पुढे एसटी आहे आणि तीत महिलांना २०२३ पासून निम्मे भाडे पडते. वाडीची शेवटची गाडी किती वाजता आहे, हे सकाळी उतरतानाच वाहकाला विचारून ठेवावे.

६. काय घालावे आणि काय सोबत घ्यावे?

चालण्यासाठी पूर्ण बाह्यांचा सदरा, पूर्ण विजार आणि मागे पट्टा असलेले बूट किंवा सँडल असावेत. साधी रबरी चप्पल शेवाळावर टिकत नाही. पाण्यातही पाय अनवाणी ठेवू नयेत, कारण कातळाच्या कडा आणि फुटलेल्या बाटल्यांच्या काचा दोन्ही पाय कापतात. पाण्यात अंगाला लागून बसणारे कपडे चांगले. साडी, ओढणी आणि जीन्स भिजल्यावर जड होतात आणि पायांत अडकतात. कोंड वाडीजवळ किंवा देवळाजवळ असेल तर गावाला अवघडल्यासारखे होणार नाही असा पोशाख करावा. कपडे बदलण्यासाठी एक जुनी चादर आडोसा म्हणून पुरते.

पंधरा ते वीस मीटरचा जाड दोर, प्रथमोपचाराचे सामान, शिट्टी, कोरडे कपडे आणि माणशी दोन लिटर पिण्याचे पाणी घ्यावे. घळीत मोबाईलला रेंज मिळत नाही, म्हणून कोठे जात आहोत आणि किती वाजता परतणार, हे वाडीतील एका घरी सांगून ठेवावे.

जानेवारीच्या सुमारास वाटेकडेला खाजकुयलीच्या शेंगा वाळतात आणि त्यांची कुसे वाऱ्यानेही अंगावर येतात. कुसे लागल्यास चोळू नये. चिकटपट्टी लावून ती अलगद उचलावीत आणि मग भरपूर पाण्याने धुवावे.

७. परवानगी कोणाची घ्यावी लागते?

या दोन जिल्ह्यांतील पुष्कळसे रान खाजगी मालकीचे आहे. गडगा, म्हणजे दगडांचे कुंपण, ओलांडला की आपण कुणाच्या तरी काजूच्या किंवा आंब्याच्या बागेत असतो. म्हणून पहिल्या घरी थांबून विचारावे. राखीव वनातून वाट जात असल्यास वन विभागाकडे चौकशी करावी. विचारण्याचा फायदा आपलाच आहे, कारण कोणत्या बाजूने उतरायचे, कोठे पाय टाकू नये आणि कोणत्या जागी पूर्वी अपघात झाला होता, हे त्या घरातील माणसांना ठाऊक असते.

आंब्याला मोहोर असताना बागांमध्ये फवारणी चालू असते. ज्या दिवशी वरच्या बागेत फवारणी आहे, त्या दिवशी तिच्या खालच्या अंगाच्या कोंडात उतरू नये आणि मुलांना मोहोराला हात लावू देऊ नये.

८. पाण्यात उतरण्यापूर्वी काय काय पाहावे?

प्रथम दहा मिनिटे कुणीही पाण्यात न उतरता काठावर बसावे. मुलांना हे जड जाते, पण पाहण्यासारखे पुष्कळ असते. पाणी कोठून येते, कोठून बाहेर पडते आणि बाहेर पडताना दगडांच्या फटीतून ओढले जाते का, हे पाहावे. एखादे वाळके पान सोडून ते कोणत्या दिशेने आणि किती वेगाने जाते, याकडे लक्ष द्यावे. जेथे पान एकाच जागी फिरत राहते तेथे भोवरा आहे.

त्यानंतर पट्टीच्या पोहणाऱ्या एका मोठ्या माणसाने कमरेला दोर बांधून, दुसरे टोक काठावरच्या माणसाच्या हाती देऊन, बांबूच्या काठीने तळ चाचपत उतरावे. स्वच्छ पाण्यात तळ आहे त्यापेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने वर भासतो. चार फूट खोल पाणी तीन फूट वाटते. साडेतीन फूट उंचीच्या मुलासाठी हा फरक जीवनमरणाचा आहे, म्हणून डोळ्यांवर विश्वास न ठेवता काठीवर खूण करून खोली मोजावी. कोंडाचा उतार वाळूच्या बाजूला हळूहळू असतो आणि कातळाच्या बाजूला एकदम तुटतो. मुलांसाठी वाळूची बाजूच निवडावी आणि जेथे पाणी मुलाच्या छातीच्या वर जाते तेथे दोर आडवा बांधून हद्द आखावी.

रांजणखळग्यांची काळजी वेगळी घ्यावी लागते. गुडघाभर पाण्यातून चालताना तळातील अरुंद खळग्यात पाय जाऊन अडकतो आणि तोल गेल्यावर घोटा मोडतो. काठी पुढे टेकत चालणे एवढाच त्यावर उपाय आहे.

वर धबधबा असेल तर धारेखाली जाऊ नये. तेथील पाण्यात हवा मिसळलेली असल्याने ते शरीराला पुरेसे उचलून धरत नाही, खालून ओढही असते आणि वरून दगड येण्याचा धोका कायम असतो. आसपासच्या कड्यावर आग्या मोहोळ दिसल्यास तेथून शांतपणे मागे फिरावे आणि दुसरी जागा शोधावी. पाण्यावर मेलेले मासे तरंगत असतील, फेस किंवा औषधाचा वास असेल, तर त्या दिवशी काठावरच बसून जेवावे.

९. आमच्या घरात कुणालाच नीट पोहता येत नाही. तरीही जावे का?

जरूर जावे, परंतु पोहण्यासाठी नव्हे. घोट्यापर्यंतच्या वाहत्या पाण्यात बसणे, मासे पाहणे, दगडांचा छोटा बांध घालणे यात लहान मुलांचा दिवस सुखाने जातो. जेथे एकही पट्टीचा पोहणारा नाही, तेथे कुणीही गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात जाऊ नये, हा आमचा नियम आहे आणि त्याला आम्ही अपवाद करत नाही.

पोहायला शिकण्यासाठी कोकणात दोन सुके असोले नारळ दोरीने जोडून छातीखाली घेण्याची पद्धत आहे. शिकवणारा हाताच्या अंतरावर असेल तर ती चांगली आहे. परंतु नारळ, हवेची ट्यूब आणि हातात घालायचे फुगे ही शिकण्याची साधने आहेत, जीव वाचवण्याची नव्हेत. ती निसटतात, उलटतात आणि मुलाला खोल पाण्यात नेऊन सोडतात. मुलाला पाण्यात तरंगते ठेवायचे असेल तर मापाचे, पट्टे बांधता येणारे जीवरक्षक जाकीटच हवे.

१०. किती मुलांमागे किती मोठी माणसे असावीत?

सहा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे एक आणि त्यापुढील दोन मुलांमागे एक. पोहता येणाऱ्या माणसाने पाण्यात, मुलापासून हाताच्या अंतरावर उभे राहावे. काठावरून नजर ठेवणे पुरेसे नाही, कारण बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही आणि हातही हलवत नाही. ते तोंड वर करून उभ्यानेच गप्प खाली जाते. दर वीस मिनिटांनी राखणीची पाळी बदलावी, आणि ज्याची पाळी आहे त्याने मोबाईल दुसऱ्याच्या हाती द्यावा. मद्य घेतलेल्या माणसाला राखणीवर ठेवू नये आणि पाण्यातही उतरू देऊ नये.

११. गावची मुले कातळावरून उड्या मारतात. आमच्या मुलांनी मारल्या तर चालेल का?

नाही. गावच्या मुलांना त्या कोंडातील प्रत्येक दगड वर्षानुवर्षे ठाऊक असतो, आणि तरीही पावसाळ्यानंतर ती आधी बुडी मारून तळ तपासतात. पाहुण्याला ते ज्ञान नसते. डोके आपटून मानेच्या मणक्याला इजा झाली, तर माणूस जन्माचा अपंग होऊ शकतो.

१२. आकाश निरभ्र असताना पाणी अचानक वाढू शकते का?

होय, आणि त्याची दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे घाटमाथ्यावरचा पाऊस. आपण ज्या कोंडावर बसलो आहोत तेथे ऊन असते, परंतु त्या ओढ्याचा उगम असलेल्या डोंगरावर ढग फुटलेला असतो. पाणी गढूळ होणे, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागणे, वरच्या बाजूने घरघर ऐकू येणे, कोरड्या दगडावर पाणी चढणे, यांपैकी एक खूण दिसली तरी सामान सोडून सर्वांनी लगेच उंच काठावर जावे. पलीकडच्या काठावर गेलेल्यांनी अलीकडे येण्याचा प्रयत्न करू नये. त्यांनी त्याच बाजूने वर चढावे आणि पाणी उतरेपर्यंत थांबावे किंवा वरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, गाठावा.

दुसरे कारण वीजगृहांचे आहे आणि ते बाहेरगावच्या माणसांच्या लक्षात येत नाही. कोयना प्रकल्पात वीज तयार करून झालेले पाणी वाशिष्ठीच्या खोऱ्यात सोडले जाते. रायगड जिल्ह्यात भिरा येथील वीजगृहाचे पाणी कुंडलिकेत येते आणि कोलाडचे राफ्टिंग त्यावरच चालते. अशा नद्यांमध्ये पातळीचा संबंध पावसाशी नसून पाणी सोडण्याच्या वेळेशी असतो. त्यामुळे धरणाच्या किंवा वीजगृहाच्या खालच्या अंगाला असलेला डोह कितीही शांत दिसला, तरी कौटुंबिक सहलीसाठी तो निवडू नये.

१३. कोकणातील नद्यांत मगरी आहेत हे खरे का?

खरे आहे. चिपळूणजवळ वाशिष्ठीत, महाडजवळ सावित्रीत आणि बांद्याच्या परिसरात तेरेखोल नदीत मगरींचा वावर आहे. मगरीला रुंद, संथ, खोल पाणी आणि ऊन खाण्यासाठी मातीचा किंवा वाळूचा काठ लागतो. डोंगराकडच्या अरुंद, खडकाळ आणि स्वच्छ ओढ्यात ती सहसा नसते, परंतु पावसाळ्यात मगरी दूरवर सरकतात आणि चिपळूणच्या रस्त्यांवरही दिसल्या आहेत. म्हणून मोठ्या नदीला मिळण्याच्या जागेजवळचा डोह टाळावा आणि "यंदा मगर दिसली का" हे गावात स्पष्ट शब्दांत विचारावे. उत्तर "हो" किंवा "बहुतेक" असे आले, तर पाण्यात उतरू नये.

१४. साप आणि विंचवाची भीती वाटते. काय काळजी घ्यावी?

सड्यावर आणि जांभ्याच्या दगडांत फुरसे आढळते. ते लहान असते आणि दगडाच्या रंगात मिसळून जाते. हात घालण्यापूर्वी आणि बसण्यापूर्वी जागा काठीने तपासावी, दगड उलथू नयेत, आणि काढून ठेवलेले बूट झटकूनच घालावेत. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. तो हात किंवा पाय हलणार नाही असा आधार देऊन रुग्णाला उचलून रस्त्यापर्यंत आणावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात न्यावे. फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि त्याचा परिणाम काही तासांनीही दिसू शकतो, म्हणून "काही होत नाही" असे वाटले तरी रुग्णालय टाळू नये.

लाल विंचू लहान मुलांना अधिक घातक असतो. दंशानंतर घाम, उलटी किंवा हातपाय गार पडणे यांपैकी काहीही दिसले तर एक क्षणही घालवू नये. पूर्वी कोकणात या दंशाने मुले दगावत असत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यानंतर चित्र पालटले, परंतु ते औषध वेळेत मिळावे लागते.

१५. धरण, बंधारा, देवळाची तळी किंवा गावतलाव येथे पोहता येईल का?

प्रत्येकाचे उत्तर वेगळे आहे. लोखंडी फळ्या असलेल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याजवळ कधीही पोहू नये, कारण फळ्यांच्या फटींतून पाण्याची ओढ असते आणि ती वरून दिसत नाही. श्रमदानातून मातीच्या पोत्यांनी घातलेल्या वनराई बंधाऱ्यामागचे कमरेइतके पाणी मुलांना फार चांगले, मात्र गावाने हो म्हटले पाहिजे आणि पोत्यांवर कुणी चढता कामा नये. ते पाणी उन्हाळी भाजीपाल्यासाठी आणि विहिरींसाठी अडवलेले असते.

मालवण तालुक्यातील धामापूर तलावाविषयी बरेच जण विचारतात. हा तलाव १५३० च्या सुमाराचा मानला जातो, त्याच्या काठी भगवतीचे देऊळ आहे आणि २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. तो काठावरून, सावलीत बसून पाहण्याचा आहे. खोल आणि एकदम उतरत्या तलावात मुलांना पोहायला उतरवणे आम्ही सुचवत नाही.

देवराईतील आणि देवळालगतचे कोंड ही स्वतंत्र बाब आहे. महाड तालुक्यात बिरवाडीजवळ काळ नदीवरील वाळणकोंडात देवीचे म्हणून मासे राखलेले आहेत. तेथे पोहणे किंवा मासे पकडणे हा विषयच निघत नाही. अशा श्रद्धेमुळे नदीचा एक तुकडा माशांसाठी सुरक्षित राहिला आहे, आणि मुलांना ते सांगण्यासारखे आहे. इतर कोठेही देवाचा कोंड असल्याचे कळले, तर पोहण्यासाठी दुसरा पाहावा.

१६. जेवणाचे काय करावे? कोंडावर चूल पेटवली तर चालते का?

चूल पेटवू नये. डिसेंबरपासून सड्यावरचे गवत वाळलेले असते आणि एका ठिणगीने लागलेला वणवा काजू आणि आंब्याच्या उभ्या बागा खाऊन टाकतो. घरून तांदळाची भाकरी, सुकी चटणी, उकडलेली रताळी किंवा कणगी, आणि कोकमाचे आगळ न्यावे. आगळात पाणी, साखर आणि मीठ घातले की जागच्या जागी सरबत होते. पाण्यात उतरण्यापूर्वी मुलांना केळे किंवा लाडू द्यावा आणि मुख्य जेवण पोहून झाल्यावर करावे. जेवून पोहल्यास पोटात वळ येऊन माणूस बुडतो या समजाला आधार नाही, परंतु भरल्या पोटी मुले सुस्तावतात. कोंडात साबण, शांपू आणि खरकटे जाऊ देऊ नये.

१७. आजी-आजोबांना नेता येईल का?

अवश्य न्यावे. पाखाडी आणि साकव असलेली वाट निवडावी, शेवाळलेला कातळ ओलांडावा लागणारी वाट टाळावी. त्यांना सावलीची जागा आधी शोधून द्यावी. कोणत्या झाडाची चीक अंगावर उठते, हे त्यांच्याइतके कुणाला माहीत नसते, आणि बिब्ब्याच्या झाडाखाली मुलांना बसू न देण्याचे काम त्यांच्याकडे आपोआप जाते.

१८. आम्ही मुंबईहून गणपतीला, शिमग्याला किंवा मे महिन्यातच गावी येतो. तेव्हा जमेल का?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा येतो, आणि त्याचे उत्तर देताना वाईट वाटते. चाकरमान्यांच्या सुट्ट्या आणि कोंडाचा हंगाम यांचा मेळ बसत नाही. गणपतीत पाणी भरपूर, पण गढूळ आणि जोराचे असते. त्या दिवसांत कोंडावर मुळीच जाऊ नये. लहानपणी आपण स्वतः याच कोंडात पोहलो होतो, हे कारण पुरेसे नाही. तेव्हा आपण बाराही महिने तेथे राहत होतो आणि पाण्याचा रोजचा स्वभाव ओळखून होतो.

शिमग्याला, म्हणजे साधारण मार्चमध्ये, बारमाही उमाळे असलेले ओढे वाहते असतात. पाणी कमी, पण चांगले असते, आणि लहान मुलांना तर ते अधिक सोयीचे पडते. मे महिन्यात मात्र बहुतेक कोंडांत कोमट, साचलेले आणि शेवाळलेले पाणी उरते. अशा पाण्यात आढळणारा एक अमीबा क्वचित नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो आणि तो आजार बहुधा प्राणघातक ठरतो. केरळमध्ये २०२४ मध्ये असे रुग्ण आढळले होते. म्हणून साचलेल्या कोमट पाण्यात बुड्या मारू नयेत. ज्यांना शक्य आहे त्यांनी वर्षातून एकदा नाताळच्या सुट्टीत गावी यावे, असे आम्ही मनापासून सुचवतो.

१९. पावसाळ्यात निदान धबधब्याखाली भिजायला जाता येईल का?

हवामान विभागाचा नारंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी घराबाहेर पडू नये. नारंगी इशाऱ्याच्या वेळी दिवसभरात ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर, म्हणजे अति जोरदार पावसाची शक्यता सहसा वर्तवलेली असते. इतर दिवशी रस्त्यालगतच्या, पायऱ्या आणि कठडे असलेल्या ठिकाणी, वाहत्या प्रवाहाच्या बाहेर उभे राहून भिजावे. पायी सहल आणि कोंड यांचा विचार पावसाळ्यात करू नये.

२०. कुणी बुडताना दिसल्यास नेमके काय करावे?

पाण्यात उडी घेऊ नये. एकाला वाचवताना दोघे-तिघे गेल्याच्या घटना याच घाईतून घडतात. दोर, बांबू, ओढणी किंवा रिकामा बंद डबा फेकावा, काठावर आडवे पडून पुढे करावा आणि मोठ्याने सूचना द्यावी.

बाहेर काढल्यावर पोट दाबणे, उलटे टांगणे, गरगर फिरवणे हे सर्व प्रकार वेळ घालवतात आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढवतात. श्वास चालू नसेल तर सपाट जागी उताणे निजवावे, नाक धरून तोंडाने दोन श्वास द्यावेत, नंतर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या वेगाने ३० दाब, पुन्हा दोन श्वास, असे मदत येईपर्यंत थांबू नये. त्याच वेळी दुसऱ्याने रेंज मिळेल तेथे धावत जाऊन १०८ किंवा ११२ ला कळवावे. शुद्धीवर आलेल्या माणसालाही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

२१. सहलीनंतर काही दिवसांनी ताप आला तर त्याचा संबंध असू शकतो का?

असू शकतो, आणि दोन शक्यता लक्षात ठेवाव्यात. पहिली लेप्टोची. उंदीर आणि गुरांच्या मूत्राने दूषित झालेले पाणी जखमेतून अंगात गेल्यास हा आजार होतो आणि लक्षणे बहुधा पाच ते चौदा दिवसांत दिसतात. अंगावर उघडी जखम असेल तर पाण्यात उतरू नये, हे त्यामुळेच.

दुसरी शक्यता माकडतापाची. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये त्याचे रुग्ण आढळले आणि पुढे सावंतवाडी तालुक्यातही आढळले. तो गोचिडीमार्फत पसरतो आणि त्याचा काळ साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे आपल्या सहलींच्याच हंगामात येतो. या दोन तालुक्यांत जाणाऱ्यांनी रानातल्या पाचोळ्यावर बसू नये, चालताना पूर्ण कपडे घालावेत, घरी पोहोचताच गरम पाण्याने आणि साबणाने अंघोळ करून मुलांच्या कानामागे, काखेत आणि जांघेत गोचीड पाहावी आणि कपडे गरम पाण्यात टाकावेत. वाटेत मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवावे. अचानक मोठा ताप, तीव्र डोकेदुखी आणि अंग मोडून येणे ही लक्षणे दिसल्यास घरी तापाची गोळी देऊन वाट पाहू नये. डॉक्टरांना कोणत्या गावच्या रानात आणि कोणत्या तारखेला गेलो होतो, हे आपणहून सांगावे. मुंबई-पुण्यात परतल्यावर ताप आला असेल, तर हे सांगणे अधिकच महत्त्वाचे, कारण तेथील डॉक्टरांच्या मनात माकडताप सहसा येत नाही.